श्रुत आणि प्रतिभा : लीळाचरित्राच्या निर्मितीविषयी एक विचार

(१)

काव्याची कारणे सांगताना दंडीने ‘काव्यादर्शा’त तीन गोष्टींचा निर्देश केला आहे : निसर्गदत्त प्रतिभा, विपुल व निर्मळ श्रुत, आणि न मंदावणारा अभियोग. यांपैकी प्रतिभेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. अभियोग म्हणजे सतत परिश्रम, हेही सर्वांस मान्य आहे. मधल्या ‘श्रुत’ या शब्दाकडे मात्र फारसे कोणी थांबून पाहिलेले दिसत नाही. टीकाकारांनी त्याचा अर्थ शास्त्राध्ययन असा केला, आणि पुढे मम्मटाने ‘निपुणता’ या संज्ञेखाली लोक, शास्त्र व काव्य यांचे अवलोकन एकत्र आणून तो विषय मिटविला. श्रुत म्हणजे मुळात ‘ऐकलेले’. हा साधा अर्थ पांडित्याच्या ओझ्याखाली दडपून गेला. विद्या कानांवाटे मिळत होती त्या काळी हे दोन अर्थ एकच असतील; परंतु ती पोथीत स्थिरावल्यानंतर ‘बहुश्रुत’ म्हणजे पुष्कळ वाचलेला, असा अर्थ आपण निःशंकपणे करू लागलो.

प्रस्तुत लेखात या शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा विचारात घ्यावयाचा आहे. ऐकणे ही लेखनाची केवळ पूर्वतयारी आहे, की लेखनाचा घाटच त्यातून ठरू शकतो? आणि जिज्ञासा, म्हणजे जाणून घेण्याची इच्छा, ही विद्यार्थ्याच्या ठिकाणी शोभणारी वृत्ती एवढेच तिचे स्वरूप आहे, की वाङ्मयनिर्मितीच्या मुळाशी तिचे काही निश्चित कार्य असते? हे प्रश्न सर्वसामान्य स्वरूपात चर्चिले तर त्यांतून गोड पण पोकळ विधानांपलीकडे काही हाती लागत नाही. म्हणून मराठीतील एकच ग्रंथ समोर ठेवून त्यांचा विचार करणे अधिक श्रेयस्कर होईल. तो ग्रंथ म्हणजे म्हाइंभटाचे ‘लीळाचरित्र’. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून आपण मोजतो तो ऐकून लिहिलेला आहे, ही गोष्ट आपण परीक्षेच्या उत्तरात नमूद करतो आणि तिचा वाङ्मयीन अर्थ न पाहता पुढे जातो. त्या अर्थाचा शोध हा या लेखाचा हेतू होय.

(२)

ग्रंथाच्या निर्मितीची हकीकत सुपरिचित असली तरी विवेचनाच्या सोयीसाठी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर हे तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात महाराष्ट्रातून निघून गेले. पंथीयांच्या भाषेत त्यांनी उत्तरापंथे गमन केले. त्यांनी स्वतः कोणताही ग्रंथ लिहिला नाही. मागे राहिली ती त्यांच्या सान्निध्यात वावरलेल्या स्त्रीपुरुषांची स्मृती. नागदेवाचार्यांच्या नेतृत्वाखाली हा परिवार वऱ्हाडात रिद्धपूर येथे, चक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात राहू लागला. तेथे म्हाइंभटाने नागदेवाचार्यांजवळ बसून लीळा ऐकल्या, टिपल्या. आणि जी लीळा ज्याच्या समक्ष घडली त्याच्याकडे जाऊन ती पुन्हा ऐकली, ताडून पाहिली. या रीतीने इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे ज्ञानेश्वरी पूर्ण होण्याच्या आधी सुमारे बारा वर्षे.

या हकीकतीत लेखकाच्या पूर्वायुष्याला विशेष महत्त्व आहे. म्हाइंभट हा सराळे गावचा विद्वान ब्राह्मण. परंपरा सांगते की त्याला आपल्या विद्येचा इतका ताठा होता की तो प्रतिपक्ष्यांना तृणवत् लेखण्याची खूण म्हणून पायाला गवत बांधी आणि दिवसा दिवटी लावून फिरे. डोमेग्राम येथे तो चक्रधरांकडे आला तो शिष्य होण्यासाठी नव्हे, वाद करण्यासाठी. त्या भेटीत त्याच्या पांडित्याचा अभिमान गळून पडला आणि पुढे तो या परिवाराशी कायमचा जोडला गेला.

या वृत्तान्ताकडे पंथीय दृष्टीने पाहिले तर ही अभिमानभंगाची कथा आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसावी. वादासाठी आलेला पंडितही ऐकत असतोच. परंतु तो प्रतिपक्ष्याच्या बोलण्यातील छिद्र शोधण्यापुरते ऐकतो. समोरच्याचे वाक्य संपण्याआधी त्याचे उत्तर तयार असते. ऐकण्याची ही रीत सोडून दुसऱ्याचे बोलणे त्याच्या स्वतःच्या शब्दांत, त्याच्या स्वतःच्या लयीत मनात साठविण्याची रीत म्हाइंभटाला शिकावी लागली असली पाहिजे. दिवसा दिवटी मिरविणाऱ्या मनुष्याने पुढे वृद्ध स्त्रियांच्या आठवणी लिहून घेण्यात आपली विद्या खर्ची घातली. मराठी गद्याचा आरंभ या परिवर्तनात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

(३)

ऐकण्याला जिज्ञासेची जोड असल्याखेरीज त्यातून निर्मिती होत नाही. लीळाचरित्रात या जिज्ञासेला एक मूर्त रूप लाभले आहे, ते महदाइसेचे. महदंबा या नावाने मराठी वाङ्मयेतिहासात आद्य कवयित्री म्हणून ती ओळखली जाते, आणि गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या प्रसंगी तिने रचलेले ‘धवळे’ प्रसिद्ध आहेत. लीळाचरित्रात मात्र ती प्रथम भेटते ती प्रश्न विचारणारी म्हणून. ही म्हातारी चर्चक आहे, जिज्ञासक आहे, येथे येऊन नेहमी काही ना काही पुसत असते, अशा आशयाचे चक्रधरांचे उद्गार तिच्याविषयी नोंदलेले आहेत. ‘जिज्ञासक’ हा शब्द येथे बिरुदासारखा वापरलेला आहे. धर्मग्रंथांत श्रद्धेची, सेवेची, त्यागाची प्रशंसा आढळते. शिष्येने फार विचारावे याची प्रशंसा क्वचितच आढळते.

महदाइसेच्या प्रश्नांचे वैशिष्ट्य हे की ते नेहमीच तत्त्वज्ञानाचे नसतात. देवधर्माच्या गूढ गोष्टींइतकेच तिला साध्या व्यवहाराविषयीही कुतूहल असते. तिच्या प्रश्नामुळे उत्तर मिळते. उत्तरासाठी दृष्टान्त येतो. दृष्टान्तासाठी त्या काळचा कुणबी, वाणी, राजा, चोर, वैद्य, दासी असे सर्व जग ग्रंथात येते. प्रश्न नसता तर हे जग चक्रधरांच्या मनातच राहिले असते. म्हणून लीळाचरित्रातील कित्येक लीळांचे कर्तृत्व विभागून पाहावयाचे झाल्यास त्यातील एक वाटा सांगणाऱ्याचा, एक लिहिणाऱ्याचा आणि एक विचारणाऱ्याचा मानला पाहिजे. हा तिसरा वाटा वाङ्मयविचारात आपण सहसा हिशेबात धरीत नाही.

आपल्याकडील दर्शनांचा आरंभ जिज्ञासेने होतो, हे सर्वश्रुत आहे. मीमांसकांनी धर्माची जिज्ञासा आरंभी मांडली, वेदान्त्यांनी ब्रह्माची. परंतु तेथे जिज्ञासेचा विषय ठरलेला असतो आणि जिज्ञासूचे अधिकारही ठरलेले असतात. महदाइसेच्या जिज्ञासेला असे कुंपण नाही. ती स्त्री आहे, वृद्ध आहे; तिला जे जाणून घ्यावेसे वाटते ते ती विचारते; आणि तिच्या विचारण्याला ग्रंथात जागा मिळते. हे स्वातंत्र्य पंथाने दिले खरे. परंतु प्रश्नकर्त्रीचा प्रश्न गाळून केवळ उत्तर न लिहिण्याचा निर्णय हा लेखकाचा आहे.

(४)

आता ग्रंथाच्या घाटाकडे वळू. लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे तीन भाग असून त्यांत शेकडो लहानलहान लीळा आहेत. एकेक लीळा म्हणजे एकेक प्रसंग. काही लीळा चार-दोन ओळींत संपतात. प्रसंग कोठे घडला, कोण तेथे होते, कोणी काय म्हटले, पुढे काय झाले, एवढेच सांगून लेखक थांबतो. वर्णनाचा सोस नाही, अलंकार नाहीत. भाष्य तर जवळजवळ नाहीच. वाक्ये आखूड, क्रियापदांवर भार असलेली. ‘पुसिले’ आणि ‘म्हणितले’ या दोन क्रियापदांवर सारा ग्रंथ उभा आहे असे म्हटले तरी चालेल.

या घाटाचा उगम कोठे शोधावा? संस्कृत चरितग्रंथांचा आदर्श लेखकासमोर नव्हता असे म्हणता येणार नाही. तो विद्वान होता. त्या आदर्शाप्रमाणे त्याला जन्मापासून क्रमाने चरित्र रचता आले असते, नगरांची व ऋतूंची वर्णने घालता आली असती. त्याने तसे केले नाही याचे कारण, मला वाटते, त्याच्या साधनात आहे. माणसाची आठवण सलग चरित्राच्या रूपात राहत नाही. ती प्रसंगांच्या रूपात राहते. ‘त्या दिवशी अमक्या देवळात गोसावी बसले होते, तेव्हा आबाइसाने असे विचारले’ अशा आकारात ती मनात वसते. म्हाइंभटाने ज्या आकारात ऐकले त्या आकारात लिहिले. लीळा हा वाङ्मयप्रकार लेखकाच्या कल्पनेतून निघाला नसून त्याच्या कानांतून निघाला आहे. श्रवणामुळे लेखनास विषय मिळतो, हे कोणीही मान्य करील. श्रवणामुळे लेखनास रूप मिळते, याचा हा पुरावा होय.

दुसरा पुरावा याहून अधिक स्पष्ट आहे. गोविंदप्रभूंचे चरित्रही, ज्याला ‘रिद्धपूरलीळा’ असे म्हणतात आणि ज्याचे इंग्रजी भाषांतर अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले, म्हाइंभटाचेच मानले जाते. ही दोन चरित्रे शेजारी ठेवून वाचावीत. चक्रधरांचे बोलणे संथ, नेमके, विचाराच्या पायऱ्या एकेक करून चढणारे. समोरच्याला ते आदराने वा कौतुकाने हाक मारतात, त्याचे म्हणणे पूर्ण होऊ देतात, आणि मग एखाद्या लहानशा दृष्टान्ताने त्याला मुद्द्याशी आणून सोडतात. गोविंदप्रभूंचे बोलणे याच्या अगदी उलट. ते तुटक आहे, स्वतःशीच चालल्यासारखे आहे. त्यात लहरीपणा आहे, वऱ्हाडच्या बोलीतील लटक्या रागाची शिवी आहे, मध्येच उमटणारे हसू आहे. एकाच लेखकाच्या लेखणीतून उतरलेल्या या दोन व्यक्तींचे दोन आवाज एकमेकांत कोठेही मिसळत नाहीत. लेखकाने आपली शैली दोघांवर लादली असती तर दोघेही त्याच्यासारखे, म्हणजे पंडितासारखे, बोलले असते. कादंबरीकाराच्या ठिकाणी पात्रांच्या भाषेतील हा भेद आपण प्रतिभेचे लक्षण समजतो. म्हाइंभटाच्या ठिकाणी त्यालाच आपण ‘विश्वसनीय नोंद’ म्हणून बाजूला का सारावे?

तिसरी गोष्ट निवडीची. आजही महाराष्ट्रातील प्रत्येक घरात लहान मुलांना सांगितली जाणारी कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि चिमणीच्या मेणाच्या घराची गोष्ट लीळाचरित्रात आलेली आहे. तेथे चिमणीच्या जागी साळई आहे, एवढाच फरक. ज्याला परमेश्वरावतार मानले त्याने मुलांच्या मनोरंजनासाठी अशी गोष्ट सांगावी, हे भक्ताला गोड वाटेल. परंतु ती लिहून ठेवावी असे वाटणे, हा निराळा भाग आहे. कोणताही शास्त्री ही गोष्ट गाळता. तीत सिद्धान्त नाही, उपदेश नाही. म्हाइंभटाने ती गाळली नाही. ऐकण्यायोग्य काय आणि न ऐकण्यायोग्य काय याची वर्गवारी त्याने आधी करून ठेवली नव्हती, म्हणून मराठीतील एक जुनी लोककथा आपल्या हाती आली. निर्मळ श्रुत म्हणतात ते हेच असावे : ज्यात ऐकणाऱ्याने आपली आवडनिवड आधीच मिसळलेली नाही असे.

(५)

ऐकलेल्या गोष्टींचा एक अटळ धर्म असा की त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एकाच प्रसंगाचे दोन साक्षीदार दोन प्रकारे सांगतात. अशा वेळी लेखकासमोर तीन मार्ग असतात. एक आवृत्ती खरी मानून दुसरी टाकावी. दोन्हींची सांगड घालून तिसरीच रचावी. किंवा दोन्ही लिहून ठेवाव्यात. चरित्रकार सामान्यतः पहिल्या मार्गाने जातात, कवी दुसऱ्या. लीळाचरित्राच्या परंपरेत तिसरा मार्ग पत्करलेला दिसतो. हस्तलिखितांत ‘वासना’, ‘शोधु’ अशा संज्ञा लावून वृत्तान्ताचे निराळे पर्याय नोंदलेले आहेत. अमक्याच्या स्मरणाप्रमाणे असे, दुसऱ्याच्या स्मरणाप्रमाणे तसे, हे वाचकापुढे उघडपणे मांडलेले आहे.

यावरून म्हाइंभटास व त्याच्या मागून आलेल्यांस आधुनिक संशोधनपद्धतीचे श्रेय देण्याची प्रथा आहे आणि ती अयोग्य नाही. परंतु या पद्धतीचा वाङ्मयीन परिणाम तितकाच महत्त्वाचा आहे. लीळाचरित्र वाचताना वाचकास एक व्यक्ती दिसते, पण ती अनेकांच्या डोळ्यांतून दिसते. बाइसेला दिसलेले गोसावी, महदाइसेला दिसलेले गोसावी, नागदेवाला दिसलेले गोसावी हे एकच असूनही एकसारखे नाहीत. सेवा करणारीला त्यांच्या जेवणाखाण्याची चिंता आहे, विचारणारीला त्यांच्या उत्तराची, विरक्ताला त्यांच्या आज्ञेची. हत्ती आणि आंधळे यांचा प्रसिद्ध दृष्टान्त चक्रधरांनीच सांगितलेला आहे. त्यातील प्रत्येक आंधळा आपल्या हाताला लागलेल्या अवयवास हत्ती म्हणतो. म्हाइंभटाने आपल्यापुरता या दृष्टान्ताचा धडा असा घेतलेला दिसतो की सर्वांच्या हातांना काय लागले ते विचारून यावे.

(६)

श्रवणाचे हे कार्य किती मूलभूत आहे, हे त्याच ग्रंथातून निघालेल्या दुसऱ्या एका ग्रंथाशी तुलना केली असता अधिक स्पष्ट होते. केशिराजबासाने, म्हणजे पंथातील केसोबासाने, लीळाचरित्रातील चक्रधरांची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. पंथाच्या अभ्यासासाठी या ग्रंथाचे मोल फार मोठे आहे. आचारधर्म व तत्त्वज्ञान एका ठिकाणी, मुखोद्गत करण्यास सुलभ अशा रूपात त्यात मिळते. परंतु प्रसंगातून वचन उचलले की काय घडते, हे पाहण्याजोगे आहे. लीळेत जे वाक्य एका रडणाऱ्या, वा संशयी, वा हट्टी माणसाला उद्देशून उच्चारलेले असते ते सूत्रात कोणालाच उद्देशून नसते. लीळेतील उत्तराला प्रश्न आहे. सूत्राला प्रश्न नाही. त्याबरोबर आवाजही गेला. उरला तो नियम.

केसोबासासारख्या मर्मज्ञास ही उणीव जाणवली नसेल असे नाही. त्याच्याच ‘दृष्टान्तपाठा’त चक्रधरांनी सांगितलेले ११४ दृष्टान्त एकत्र केलेले असून प्रत्येकाची रचना सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशी तीन अंगांची आहे. सूत्राजवळ पुन्हा कथा आणून बसविली आहे. तरीही येथे कथा सिद्धान्तासाठी आहे. लीळाचरित्रात ती समोर बसलेल्या माणसासाठी होती. एकाच ऐकलेल्या सामग्रीतून एक शास्त्रग्रंथ निघतो आणि एक वाङ्मयग्रंथ निघतो. दोहोंतील अंतर पडते ते ऐकण्याचा प्रसंग राखला की टाकला, यामुळे. माझ्या मते प्रस्तुत विषयातील निर्णायक मुद्दा हाच आहे.

याच संदर्भात ‘स्मृतिस्थळा’तील एक प्रसंग आठवतो. पंडित शिष्य संस्कृताकडे झुकत असता, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित राहतील, असे नागदेवाचार्यांनी त्यांस बजावल्याचे तेथे सांगितले आहे. मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग नेहमी उद्धृत होतो. त्यात आणखी एक न्याय आहे. ज्यांच्या मुखातून लीळा मिळाल्या त्यांत या म्हाताऱ्या प्रमुख होत्या. त्यांच्याकडून घेतलेले त्यांना न समजणाऱ्या भाषेत बंद करून ठेवणे म्हणजे ऐकल्याचे ऋण बुडविणे झाले असते. नंतरच्या काळात पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले आणि बाहेरच्या वाचकास ते कित्येक शतके बंद राहिले, हा इतिहासातील विरोध लक्षात घेण्याजोगा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी ते दार उघडले. पुढे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांच्या संपादनांमुळे लीळाचरित्र सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आले.

(७)

येथवरच्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात, आणि ते दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप पाठाचा. परंपरेनुसार म्हाइंभटाची मूळ प्रत धाडीच्या धामधुमीत नष्ट झाली आणि ज्यांस ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणावरून तो पुन्हा लिहिला गेला. या संदर्भात हिराइसेचे नाव आदराने घेतले जाते. तसे असेल तर आज आपल्यासमोर असलेली शैली म्हाइंभटाची, असे कशाच्या आधारे म्हणावे? या आक्षेपाचे संपूर्ण निरसन होऊ शकत नाही, आणि तसा आव आणणे योग्यही नाही. वाक्यावाक्यावर म्हाइंभटाची मुद्रा शोधणारी समीक्षा या ग्रंथाबाबत धोक्याची ठरेल. दोन आवाजांतील भेदाविषयी वर जे म्हटले त्याचे श्रेयही सर्वस्वी एकट्याला देता येणार नाही. परंतु हा आक्षेप मूळ मुद्द्यास बाधक नाही. किंबहुना तो पोषक आहे. जो ग्रंथ ऐकून लिहिला तो हरवल्यावर पुन्हा ऐकण्याच्या बळावर परत मिळाला. म्हाइंभटाने ज्यांचे ऐकले त्यांच्याच परिवारात म्हाइंभटाचे लेखन ऐकणारे, साठविणारे कान होते. येथे लेखकाचे कर्तृत्व एका व्यक्तीत मावत नाही, एवढाच याचा अर्थ. आणि एका व्यक्तीत न मावणारे कर्तृत्व म्हणजे कर्तृत्वाचा अभाव, असे मानण्याचे काही कारण नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. म्हाइंभटाला कुतूहल होते ते वाङ्मयाचे नव्हे. परमेश्वराची प्रत्येक कृती स्मरणीय आहे, तिचे स्मरण हेच साधन, या भावनेने त्याने लीळा गोळा केल्या. मग त्याला सर्जनशील लेखक कसे म्हणावे? हा आक्षेप हेतू आणि फल यांची गल्लत करतो. हेतू भक्तीचा होता यात संशय नाही. परंतु भक्ती हेतू असणाऱ्या अगणित ग्रंथांत जे आढळत नाही ते येथे आढळते, म्हणजे बोलणाऱ्या माणसांचे जिवंत बोलणे. तेवढा फरक भक्तीने स्पष्ट होत नाही. तो ऐकण्याच्या रीतीनेच स्पष्ट होतो. स्मरणीय काय हे अगोदर ठाऊक नसल्यामुळे सर्वच स्मरणीय मानणे, ही भक्ताची वृत्ती आणि लेखकाची वृत्ती येथे एकमेकींस येऊन मिळाल्या.

मात्र या श्रवणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. म्हाइंभटाने ऐकले ते आपल्या परिवाराचे. प्रतिपक्षाचे लोक, पंथाला विरोध करणारे अधिकारी व विद्वान, हे लीळाचरित्रात दिसतात ते शिष्यांच्या स्मृतीतूनच. त्यांच्याकडे जाऊन त्यांचे म्हणणे विचारणारा कोणी नव्हता. म्हणून त्यांच्या बोलण्याला चक्रधरांच्या वा गोविंदप्रभूंच्या बोलण्याइतका जिवंतपणा नाही. ते पुष्कळदा एकाच साच्यातून काढल्यासारखे बोलतात. जेथे जिज्ञासा थांबली तेथे पात्रही निर्जीव झाले. ही उणीव ग्रंथाच्या थोरवीस बाध आणीत नाही. पण ऐकणे आणि निर्मिती यांचा संबंध किती निकटचा आहे, हे ती उलट बाजूने सिद्ध करते.

(८)

आपल्या वाङ्मयेतिहासांत लीळाचरित्राचे स्थान मोठे आहे, पण ते चमत्कारिक आहे. भाषाशास्त्रज्ञ त्यात यादवकालीन रूपे शोधतो, इतिहासकार त्यात नाणी, गावे, वस्त्रे व खाद्यपदार्थ शोधतो, धर्माचा अभ्यासक त्यात सिद्धान्त शोधतो. सर्वांस ते उपयोगी पडते. वर्गात ते शिकविले जाते तेव्हाही पाच-दहा लीळांचे उतारे काढून त्यांतील जुन्या शब्दांचे अर्थ सांगण्यात तास संपतो. परिणामी मराठी गद्याच्या आरंभी एक उत्तम ‘साधन’ आहे, ग्रंथकार नाही, अशी विचित्र समजूत रूढ झाली आहे. म्हाइंभट हा लेखनिक ठरतो, लेखक ठरत नाही. कविता ही निर्मिती आणि गद्य ही नोंद, हा जो ग्रह मराठी समीक्षेत दीर्घकाळ टिकून राहिला त्याची मुळे काही अंशी येथे आहेत. प्रतिभा म्हणजे नसलेले निर्माण करणे, एवढाच तिचा अर्थ घेतल्यावर असलेले ऐकू येणे हीदेखील प्रतिभेची एक शक्ती आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

रिद्धपूर येथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. ज्या गावी म्हाइंभट नागदेवाचार्यांसमोर ऐकावयास बसला त्या गावी मराठीच्या उच्च अध्ययनाची सोय व्हावी, हे उचितच झाले. तेथील आणि अन्यत्रच्याही विद्यार्थ्यांपुढे लीळाचरित्र ठेवताना त्यातील शब्दकोश, समाजदर्शन व तत्त्वज्ञान यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न ठेवला जावा, असे सुचवावेसे वाटते : ही लीळा कोणी कोणाला सांगितली, कोणाच्या प्रश्नामुळे सांगितली, आणि लिहिणाऱ्याने त्यात आपले काय मिसळले नाही? या प्रश्नाने विद्यार्थी ग्रंथाच्या निर्मितीजवळ जाऊन पोहोचेल. कदाचित् आपल्या गावातील एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसण्याची बुद्धीही त्याला होईल. तशी ती झाली, तर दंडीने प्रतिभा आणि अभियोग यांच्या मध्ये ‘श्रुत’ हा शब्द का घातला, हे त्याला निराळे शिकवावे लागणार नाही.